चारी चाकांचें बळ

मनालीहून लाहौलास जावयाचें तर पूर्वीं रोहतांगची ३,९७८ मीटर उंच खिंड ओलांडावी लागे. हिवाळ्यांत ती महिनोन्‌महिने बंद असे. २०२० सालीं ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ही कोंडी फुटली. तथापि बोगद्यापर्यंतची वाट सोलंगवरूनच चढते, व हिमवृष्टीच्या दिवशीं तेथें पोलीस बहुधा फोर-व्हील-ड्राइव्ह किंवा साखळ्या चढविलेल्या मोटारीच पुढें सोडतात.

गेल्या माघांत आम्हीं तशीच मोटार भाड्यानें घेतली. सारथ्य माझेंच. चढावर पुढचीं चाकें घसरलीं तरी मागचीं गाडी रेटीत. इतरांच्या गाड्या जागच्या जागीं गरगरत होत्या. मला गर्व झाला. परततांना उतारावर वेग किंचित् वाढला, आणि ब्रेक दाबतांच गाडी दरीकडे सरकूं लागली. मागें मुलें बसलेलीं! कडेच्या बर्फाच्या ढिगानें आम्हांस तारलें.

आम्हांस ओढून काढणाऱ्या वृद्ध लाहौली चालकानें झिजलेल्या टायरांकडे बोट दाखविलें. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, चारी चाकांचें बळ चढवितें, थांबवीत नाहीं.

खरेंच आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारी चाकांना असतातच, पकड टायरची. सुमारें ७ अंशांखालीं साधें रबर ताठरतें, म्हणून हिवाळी टायर मऊ रबराचे करतात. पावसांतहि पाणी बाहेर फेंकावयास खोल खांचाच लागतात.

आतां मोटार निवडतांना मी प्रथम वांकून टायर पाहतों. यंत्राची चौकशी मागाहून.