नागपूरहून हुपरीला

नागपूर, सोमवार रात्र

ती. अण्णा, सा. न.

इतवारीतल्या सराफांनी पैंजणांचे नमुने पाहिले, घडाईचं कौतुक केलं, पण चांदीचा भाव उतरेपर्यंत मागणी द्यायला कुणी तयार नाही. वहिनींच्या भाकऱ्या संपल्या. काल सावजीचं मटण खाल्लं. तिखटाची आपल्याला सवय, पण हा मसाला घशात बसतो, आणि शेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी नाही म्हटल्यावर जेवल्यासारखं वाटलं नाही. तर्री-पोहे मात्र मागून मागून खाल्ले. थंडी कडाक्याची. लॉजवर दुसरी रजई मागितली तर तिचे पैसे वेगळे! दीक्षाभूमीला जाऊन आलो. आईच्या डोळ्याचं काय झालं? कुणीच कळवत नाही.

बुधवार

एका कचेरीत माहुरझरीची वाट विचारली, तर साहेब अंगावरच आले, "तिथं दगडांशिवाय काय आहे?" तरी गेलो.

मोठाले धोंडे गोल मांडलेत, मधे मुरमाचा उंचवटा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या कबरी. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी १९७० ते ७२ मध्ये इथं खोदलं, तर माणसांच्या सोबत घोडे निघाले. तोंडाला लोखंडी लगाम, डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचा दागिना. विदर्भातल्या अशा कबरींत घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणाही सापडल्यात. म्हणजे धन्यासाठी मारलेलेच. नॉर्वेत गोकस्टाडला १८८० साली व्हायकिंगांचं जहाज उकरलं, त्यातही माणसासोबत डझनभर घोडे, कुत्रे आणि दोन मोर होते. मोर आपल्याकडचा पक्षी, तो त्या बर्फात कसा पोचला असेल?

पण माझं मन त्या तांब्याच्या पत्र्यातच अडकलंय. घोड्याच्या कपाळावर बसेल असा पत्रा ठोकायचा, तर कारागिरानं जनावर पुढ्यात उभं करून माप घेतलं असणार. घोडा मान झटकत असेल, कुणीतरी त्याला चुचकारत धरून ठेवलं असेल. बेंदराला आप्पा बैलाला सजवायचे तसंच. नुसत्या श्रीमंतीच्या दिखाव्यासाठी हे केलं असेल, असं मला वाटत नाही. घोडा घरातला होता. घरातल्याच जनावराच्या मानेवर सुरी चालवली, हे मात्र मला सोसत नाही. ज्यानं तो दागिना घडवला त्याला काय वाटलं असेल, हे तुमच्या-माझ्यासारख्या घडणाऱ्यालाच कळेल.

नागपूर शहर इकडंच सरकतंय. रस्त्याला मुरूम लागतो, घरांना प्लॉट लागतात. सरकारी पाटी लावून धोंडे वाचत नाहीत, आसपासच्यांना त्यांची किंमत कळली तरच वाचतील. आपल्या शाळेची सहल यंदा नागपूरला येणार म्हणत होते ना? गुरुजींना माझा निरोप द्या. मुलांना ताडोबा नाही दाखवलं तरी चालेल, माहुरझरी दाखवा, आणि यंदाच दाखवा.

तुमचा,
धाकटा