चावदिवसाच्या ताटल्या

मालवणात नोकरीनिमित्त बिऱ्हाड थाटलेल्या आमच्या पिढीतल्या जोडप्यांना स्वतःचा गणपती नव्हता. गणपती असे तो मूळ घरात. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, वाटणीच्या माडांवरून बोलणं बंद झालं, तरी गणपती एकच, आणि चवथीला सगळ्यांचे पाय वळत ते तिकडेच. आमचं मूळ घर आचऱ्याला. लग्न होऊन मी कोल्हापूरहून आले आणि पहिल्याच चवथीला मला कळलं की तिथल्या आराशीत नव्या सुनेचं काम फक्त खाली उभं राहून वर वस्तू देण्याचं आहे.

वर म्हणजे माटवीवर. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली ती लाकडी चौकट. कोल्हापुरात आरास म्हटली की पडदे आणि रंगीत बल्ब एवढंच मला ठाऊक. इथे चुलतसासरे आदल्या दिवशी रानात जाऊन भारा घेऊन आले. लालभडक कवंडळं, शेरवडाची पांढरी पानं, पिवळी हरणं, आयनाचे घोस. घरचे नारळ, सुपारीचे घड आणि मांडवावरची तवशी त्यांत मिसळली. सगळं केळीच्या सोपटानं बांधायचं, खिळा नाही की तार नाही. कवंडळ कुठे, सुपारी कुठे, मध्ये काय लोंबलं पाहिजे, हे सगळं ठरलेलं. मी एकदा हरणं जरा पुढे सरकवा म्हटलं तर शिडीवरून उत्तर आलं नाही, नुसती नजर आली. गणपतीमागच्या भिंतीवर धाकटे दीर दर वर्षी चित्र काढत, त्यांनाही आधी विचारावं लागे. ते घर सुंदर सजे, पण ते आम्ही सजवलेलं नसे.

दिवाळी मात्र आमची. बिऱ्हाडाची.

१ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नवी कचेरी आली की नव्या जागा निघतात, बँका शाखा वाढवतात, माणसं इकडची तिकडे होतात. त्या पाच-सहा वर्षांत मालवणात आमच्यासारखी बरीच जोडपी येऊन पडली. आम्ही बँकेतले. बाकी टोपीवाला हायस्कुलातलं एक जोडपं, भंडारी हायस्कुलातल्या एक बाई आणि त्यांचे यजमान, एसटीतले एक गृहस्थ नि त्यांची हसरी बायको. कोणी भरडावर, कोणी मेढ्यात, कोणी धुरीवाड्यात. आम्ही देऊळवाड्यात, एका चिऱ्याच्या घराचं अर्धं अंग भाड्यानं घेऊन. दोन खोल्या, एक पडवी आणि पुढे खळं, म्हणजे अंगण. ते खळं घरमालकीण काकींचं की आमचं हे कधी ठरलं नाही. सारवायचं असलं की आमचं, वाळवण घालायचं असलं की त्यांचं.

१९८६ ची दिवाळी ही त्या घरातली पहिली. घरात काय होतं? एक लोखंडी कॉट, एक स्टोव्ह, गॅसचा नंबर लागायचा होता. फळ्यांवर मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं अंथरलेली आणि भिंतीवर त्या वर्षीचं कालनिर्णय. १९७३ ला ते कॅलेंडर काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, त्यामुळे इथे ते जरा हक्कानं टांगलं जातं. दुधाचा खाडा, रॉकेलची तारीख, आईचं पत्र आल्याची खूण, सगळं त्याच चौकोनांत. त्या दिवाळीच्या चौकोनात ह्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘सगळे आपल्याकडे.’ आणि मग मला सांगितलं.

आधी कंदील. विकतचे कंदील बाजारपेठेत होते, पण पैसे पणत्या, तेल आणि रव्यात गेलेले. ह्यांनी काकींच्या कुंपणातला एक माणगा विचारून तोडला. माणगा म्हणजे इकडचा भरीव बांबू, त्याच्या कामट्या फुटत नाहीत. कोयतीनं कामट्या काढता काढता बोट कापून घेतलं. शेजारी एक ख्रिस्ती मामा राहत, ते दर नाताळात चांदणी बांधत. त्यांना राहवलं नाही. कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, “वहिनी, चांदणीक पाच टोकां आसतत. ह्या सहावा खयसून इला?”

मग तेच खळ्यात येऊन बसले. दोन चांदण्या वेगवेगळ्या बांधायच्या, पाठीला पाठ लावायच्या, टोकं एकत्र आवळायची आणि मध्ये पाच आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. हे त्यांनी अर्ध्या तासात करून दाखवलं. जाताना अट घातली, “नाताळाक माका ह्यो सांगाडो व्हयो हां.” आम्ही दिला. दिवाळीत गुलाबी, नाताळात पांढरा, असे त्या एका सांगाड्यानं त्या वर्षी दोन सण केले.

कागद पतंगाचा. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कंदील खातात. (हा माझ्या आईचा कोल्हापुरी सल्ला. मालवणातली झुरळं मोरचूदही खातात.) शेपट्या मी कातरल्या. त्या सगळ्या सारख्या लांबीच्या होईनात, तेव्हा मुद्दामच लहानमोठ्या केल्या. आत चाळीसचा बल्ब. संध्याकाळी तो पेटला आणि पडवीचा चिरा गुलाबी झाला. मी रस्त्यावर जाऊन बघून आले, मग हे जाऊन बघून आले, मग आम्ही दोघं कुलूप लावून गेलो.

बाकीची सजावट सांगण्यासारखी नाही. पाऊस ओसरल्यावर खळं चोपून नवं केलं होतं. माझ्या सारवण्यात अर्धवर्तुळं उमटत नसत, काकींनी मागून येऊन पुन्हा हात फिरवला. उंबऱ्याला गोंड्याची माळ. इकडे झेंडूला गोंडा म्हणतात. तुळशीला चुना आणि गेरू. आईच्या जुन्या इरकलीचा पडदा करून स्टोव्ह झाकला, कारण पाहुणे बसणार तिथून स्वयंपाक दिसत होता. नंतर कळलं की प्रत्येकीनं हेच केलं होतं. मेढ्यातल्या घरी नारायणपेठ होती, धुरीवाड्यात चादर.

नरक चतुर्दशीला इकडे चावदिवस म्हणतात. रात्रभर पोरं नरकासुर करत होती. पहाटे रेडिओवर कीर्तनात त्याचा वध चालू असताना आम्ही उटणं लावून अंघोळी उरकल्या. तुळशीपाशी कारीट ठेवलेलं. डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचं आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. इतकं कडू मी आयुष्यात काही खाल्लेलं नव्हतं. आणि ते तोंड गोड करायला म्हणून, आल्यागेल्याला द्यायला म्हणून, मी काय केलं होतं? कोल्हापुरी चिवडा. चकल्या. कडबोळी. दोन डबे भरून. चार रात्री जागून.

काकींनी डब्यात डोकावून पाहिलं. “फोव खय आसत? ह्यो तर चिवडो!” मग मागे वळून सुनेला, “घाटावरची ती, शिकतली.”

चावदिवसाला पोहेच हवेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं इथे कोणाला वाटतच नाही. शेतातून नुकतंच भात आलेलं असतं, त्याचे लालसर पोहे. एक नाही, चार-पाच तऱ्हांचे. दूध-गुळातले, दह्यातले, गूळ नि ओल्या खोबऱ्याचे, मिरचीच्या फोडणीचे. जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ, उकडलेली कणगी, केळी. आणि ते आपल्याच घरी बसून खायचे नसतात. दर घरी जायचं, दर घरी थोडे खायचे, पुढच्या घरी जायचं. चकली फार तर संध्याकाळी. सकाळी सातला येणाऱ्या पाहुण्यासमोर चकली ठेवणं म्हणजे त्याला परत जा म्हणण्यासारखं.

काकींच्या सुनेनं अर्धं सूप पोहे आणून दिले. नारळ तिनंच फोडला. मी विळीवर बसले, ती स्टोव्हपाशी. काकी पडवीत बसून हुकूम देत होत्या. “चावदिवसाक कोणाक उपाशी धाडूचा नसता,” हे त्यांनी तीनदा तरी ऐकवलं असेल.

आणि मग लक्षात आलं की ताटल्या सहाच आहेत.

लग्नात भांडी भरपूर आली होती, पण ती आचऱ्याला माळ्यावर होती. मूळ घरातून भांडी हलवणं म्हणजे वेगळं निघण्याची भाषा, त्यामुळे मागायची कशी? इतरांचंही तसंच. सगळ्यांकडे मिळून सोळा-सतरा ताटल्या असतील आणि माणसं पोरंबाळं धरून वीस. हे सायकल काढून मेढ्यात गेले आणि सहा ताटल्या घेऊन आले. तासाभरानं सगळे आमच्याकडून उठून मेढ्यात निघायचे, त्याआधी त्या ताटल्या धुऊन, आमच्याही चार घालून, परत तिकडे. तिथून धुरीवाडा. मग भरड. ताटल्या सायकलवर पुढे, पाहुणे चालत मागे.

त्यानंतर आठ वर्षं चावदिवस असाच झाला. पुढे पुढे ताटल्यांची ने-आण मुलांकडे गेली. कोणाचं तरी पोर धापा टाकत दारात यायचं. “आयेन ताटल्यो मागितल्यान, पावणे भायर उभे आसत!” इथले पाहुणे अजून दह्यातल्या पोह्यांवर असत. मग चमचे झपाझप चालत. आपण ज्या ताटलीत खातोय तिच्यातच पुढच्या घरी पुन्हा खायचंय, हे ठाऊक असल्यानं एकजण आपली ताटली खूण करून ठेवत. कशाला, ते त्यांनाच माहीत.

पहिल्या वर्षी रात्री पाऊस आला. चावदिवसाला पाऊस म्हणजे वीज जाणारच, ती गेली. सकाळी बघितलं तर कंदिलाचा गुलाबी रंग उतरून रांगोळीवर, रांगोळीतून सारवणावर, आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर एक लांब ओघळ. कागद लोंबत होता, सांगाडा जसाच्या तसा. काकींनी ओघळ बघितला, काही बोलल्या नाहीत. पुढे घर सोडताना मात्र चुन्याचे पैसे मागितले.

पाडव्याला रामेश्वर आणि नारायणाच्या पालख्या निघतात. दोन्ही देव गाव फिरतात, दांडीच्या किनाऱ्यानं जातात आणि रात्री बाजारपेठेत येतात. आमच्याकडे पुन्हा चिकटवायला कागद नव्हता. ख्रिस्ती मामांनी नाताळासाठी आणून ठेवलेला पांढरा कागद काढून दिला. त्या रात्री बाजारात आम्ही सगळी बिऱ्हाडं एकत्र उभी होतो. दुकानांसमोर रांगोळ्या, वर कंदील. पालखी समोरून गेल्यावर एसटीवाल्यांची बायको हळूच म्हणाली, तुझी कडबोळी संपली का गं? मग ते दोन डबे त्या रात्री आमच्या पडवीत, मेणबत्तीच्या उजेडात, बारापर्यंत चालले. चकलीला घाटी, घाटी म्हणणाऱ्यांनीच तळाची मोडतोड ओरपली.

गौरीच्या ओवशाला सूप घेऊन मी आचऱ्याला गेले, चवथीची वर्षं गेली. आराशीत थर्माकोलची मखरं आली आणि २०१८ च्या बंदीनंतर गेली. माटवी आहे तशीच आहे, शिडीवर आता धाकटे दीर आणि मी अजून खालीच. त्याबद्दल तक्रार नाही. मोठ्या घराची रीत मोठी असते आणि ती कोणीतरी सांभाळावी लागते. पण सणाचं घर म्हणून डोळ्यापुढे येतं ते देऊळवाड्यातलं ते अर्धं अंग, जिथे काय कुठे लावायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

चावदिवसाचं हे घरोघरी फिरणं थांबलं ते भांडणानं नाही. बदल्या झाल्या. कोणी कुडाळला गेलं, कोणी ओरोसला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तशी मुंबईची जावानणंदांची घरंही दिवाळीला येऊ लागली आणि चावदिवस घरच्याच माणसांनी भरला. आम्ही घर बांधलं, इतरांनीही बांधलं. वास्तुशांतीत प्रत्येकाला काचेचे नाहीतर मेलामाईनचे संच आले, चोवीस-चोवीस नगांचे. आता कोणाला कोणाची ताटली लागेना. फोनवर बोलावणं होऊ लागलं, “दुपारी या.” दुपारी पोहे कोण खातं? मग श्रीखंड-पुरी.

मुलगा पुण्यात असतो. त्याच्या पहिल्या फ्लॅटच्या दिवाळीला गेलो तेव्हा बाल्कनीत घडी उघडून टांगायचा कंदील होता, छान होता, पावसानं भिजला नसता. सून विदर्भातली. तिनं मित्रमंडळींना बोलावलं होतं आणि सकाळपासून अनारसे तळत होती. दह्यातले पोहे मी मुद्दाम केले. तिच्या एका मैत्रिणीनं दोनदा घेतले आणि विचारलं, यात ग्रॅनोला घातला तर? मी म्हटलं, घाल.

निघताना सून मला डबा भरून द्यायला लागली आणि तिला ताटल्यांच्या चळतीत एक स्टीलची ताटली सापडली, जी मी कधीतरी मुलाबरोबर पाठवली होती. पाठीमागे यंत्रानं टिंबटिंब कोरलेलं नाव होतं. खाली तारीख, मे १९८४. “आई, हे कोण?”

मेढ्यातल्या बाईंच्या लग्नातली ताटली. माझ्या नावाची एक त्यांच्याकडे आहे, ओरोसला. चार वर्षांपूर्वी भेटलो तेव्हा त्यांनी मला तिच्यातच चहाबरोबर खाजं दिलं होतं. पालथी करून बघितली, तशीच ठेवली.