सात वॅटचा सौदा

हॅम रेडिओचा परवाना हातात आला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. सेट कोणता घ्यायचा? बाबांचा वेगळाच प्रश्न, "काऊन रे, एवढ्या पैशात मोबाईल नाही येत का?" पैसे तूर विकून आलेले, तेव्हा प्रश्न रास्तच होता.

आधी हँडी पाहिली. स्वस्त, खिशात मावणारी. पण ती व्हीएचएफवर चालते आणि त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. रिसोडजवळच्या आमच्या गावात रिपीटर ऐकू येत नाही. मग बोलायचं कोणाशी, सोयाबीनशी? म्हणजे ४० मीटर बँडच हवा. दिवसा ७.१ मेगाहर्ट्झची लहर आयनांबरावरून परतून पुण्या-हैदराबादला उतरू शकते.

यासूचा पाच वॅटचा एफटी-८१७ म्हणजे सगळ्यांचं स्वप्न. देखणा, बँडही भरपूर. पण त्याचं आणि नंतरच्या ८१८ चंही उत्पादन बंद झालंय, म्हणजे सेकंडहँडच घेणं आलं. बिघडला तर वाशिमला तो उघडणार कोण? शिवाय नुसतं ऐकत बसायलाही तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, आणि आमच्याकडे लाइट गेली की बॅटरीचाच आधार.

उरला बिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला. मूळ सर्किट साध्या, सहज मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरवर बेतलेलं, आणि कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची! (चार वर्षं टोरॉइड शिकून आपल्याला वॉशर का सुचत नाही, हे मी सरांना अजून विचारलेलं नाही.) २०१६ साली आलेला बिटएक्स-४० तर तयार बोर्डच. एकच बँड, सुमारे सात वॅट. एका सीनियरकडे पडून होता. सर्किट खुलं, आणि आयआरएफ५१० जळला तर नवा आपला आपण लावता येतो. सौदा ठरला.

शंभर वॅटवाले हसतात. हसू देत. शंभरावरून सातवर येणं म्हणजे साडेअकरा डेसिबल, एस-मीटरवर जेमतेम दोन घरं. तेवढी किंमत मला परवडते. उरलेले पैसे तारेत घातले. घराच्या गच्चीपासून कडुनिंबापर्यंत वीस मीटरचा डायपोल.

बॅटरी विकत घ्यावी लागली नाही. बाबांच्या फवारणी पंपातली बारा व्होल्टची आहे, ती चालते. अट एकच, फवारणीच्या दिवसांत रेडिओ बंद.