आक्काचे मत

आमच्या नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर उभे राहिले की दोन रस्ते दिसतात. एक साताऱ्याकडे धावणारा हमरस्ता. दुसरा गावातून वेल्ह्याकडे वळणारा. पहिल्या रस्त्याने वर्तमानपत्रे येतात आणि त्यांतली मते येतात. दुसऱ्या रस्त्याने माझी थोरली बहीण येते. तिला आम्ही आक्का म्हणतो. डोंगरात दिलेली. दर दिवाळीला एस.टी.तून उतरते ती तांदळाचे गाठोडे घेऊन.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि फळ्याला चिकटलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आक्का चौथीतून निघाली. कारण गुरे राखायला घरातले कुणीतरी हवे होते, आणि ते कुणीतरी मी नव्हतो.

२०२४ सालची लोकसभेची निवडणूक आमच्या बारामती मतदारसंघात कशी झाली, ते साऱ्या देशाने पाहिले. आदल्या वर्षी जुलैत राष्ट्रवादी पक्ष फुटला. घड्याळ एकीकडे राहिले, दुसरीकडे तुतारी वाजवणारा माणूस आला. आणि सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार या नणंद-भावजया समोरासमोर उभ्या राहिल्या. मग घरोघर तीच तऱ्हा! एकाच ओट्यावर बसून एकच तंबाखूची चिमूट वाटून घेणारे भाऊ दोन चिन्हांचे झाले. मी वर्गात 'माझे घर' काढायला सांगितले, तर भिंतीवर घड्याळ काढणाऱ्या पोराशी शेजारच्याने कट्टी घेतली.

७ मे रोजी मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी आल्या. राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला मिळाल्या. दिल्लीत भाजप ३०३ वरून २४० वर आला. निकाल माझ्या मनासारखा होता. शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी व्याख्यानच झोडले. "गरिबाला अक्षर कमी कळत असेल, पण माणूस बरोबर कळतो," असे म्हणालो, आणि दाखला म्हणून आक्काचे नाव घेतले. तेव्हा दुसऱ्या बाजूचे एक सहकारी कुरकुरले, "अडाणी लोकांना घटना बदलणार म्हणून भिववलं, आणि त्यांनी भिऊन मतं टाकली." माझ्या बहिणीला अडाणी म्हणतात! आठवडाभर मी त्यांच्या डब्यातल्या लोणच्याला हात लावला नाही.

महिना संपता संपता 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. ज्यांच्या घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, अशा बायकांना महिना १५०० रुपये. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३००० एकदम खात्यावर आले. आक्काच्याही आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, आणि २३ ला कळले की २८८ पैकी २३० वर जागा महायुतीच्या.

त्या संध्याकाळी मी आक्काला फोन लावला. "कुणाला दिलंस?" म्हणून विचारले. तिने आडपडदा न ठेवता सांगितले. आणि मी, तिचा धाकटा भाऊ, म्हणालो, "पंधराशे रुपयांत मत विकलंस, आक्का!"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "ठेवते रे. गुरं बांधायची हायती."

सोमवारी शाळेत तेच सहकारी हसून म्हणाले, "जनता सुज्ञ असते, मास्तर!" ते माझे जूनमधले वाक्य होते; आणि माझ्या तोंडी त्यांचे. पावसाळ्यात छत्र्यांची अदलाबदल व्हावी तशी आमची वाक्ये बदलली होती. बदलली नव्हती ती एकच गोष्ट. दोष ठेवायला दोघांनाही दार सापडले होते ते आक्काचेच.

वर्षभर ती आली नाही. राखी पाकिटातून आली. आत चिठ्ठी नव्हती. त्या दिवसांत कुठेसे वाचले, की इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण असल्या मापांनी मोजून दिलेला होता. तो सर्वांना सारखा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ च्या निवडणुकीला. ते जुने माप पुन्हा लावले, तर मी मॅट्रिक म्हणून यादीत बसेन आणि आक्का गोठ्यात राहील. कायद्याने ते माप केव्हाच मोडीत काढले. माझ्या जिभेवर मात्र ते शाबूत होते.

२०२५ च्या भाऊबीजेला मीच वेल्ह्याची एस.टी. धरली. डावीकडे राजगड, दोन्ही अंगांना पिवळी पडलेली भातखाचरे. आक्काने पाय धुवायला पाणी दिले, पाट मांडला. मी म्हणालो, "चुकलं माझं."

ती निरांजनाची वात सारखी करत म्हणाली, "मास्तर, तुझा सातवा आयोग कवा आला?"

"२०१९ च्या जानेवारीत."

"आन निवडणूक?"

"एप्रिलात." माझा आवाज खाली गेला.

"मंग? तवा मी इचारलं का, मत कितीला इकलं म्हनून? तू पेढे आनलेस, म्या खाल्ले." थोडे थांबून ती म्हणाली, "जमीन सासऱ्याच्या नावावर, घर धन्याच्या नावावर. ह्या पासबुकावर तेवढं माझं नाव हाय. पर तेच्यासाठी मत दिलं, का आनखी कशासाठी, हे तू इचारलं न्हाईस. तूच ठरवून मोकळा झालास."

खरेच, मी विचारले नव्हते. "मग कशासाठी दिलंस?" मी आता विचारले.

"आता न्हाई सांगनार," आक्का हसली. "मत गुप्त असतं. शाळेत तुमीच शिकवता न्हवं?"

तिने मला ओवाळले. ओवाळणीच्या नोटा खिशातून काढल्या खऱ्या, पण ताटापाशी माझा हात अडखळला. तिच्या ते ध्यानात आले. ताट पुढे करून ती म्हणाली,

"टाक की. हे घेतलं म्हनून मी काय तुला मत देनार न्हाई!"