अंगी लागलं पाहिजे!

"खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे रे," हे आईचं ठरलेलं वाक्य. वाढता वाढता म्हणायची आणि भातावर तुपाची धार सोडायची. इथे येऊन एम. एस. केलं, वीस वर्षं पंपांची नि पाइपांची गणितं केली, तरी या वाक्याचा अर्थ कळायला माझ्या पायांना मुंग्या याव्या लागल्या.

आधी बूट बदलले, मग ऑफिसातली खुर्ची. शेवटी बायकोनं डॉक्टरकडे पाठवलं. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आम्ही शाकाहारी, भाजी-डाळीत ते नसतंच. पण दूध-दही रोज खातो की! डॉक्टरांनी विचारलं, "ॲसिडिटीच्या गोळ्या किती वर्षं घेताय?" दहा. त्याही मनानेच.

घरी येऊन वाचत बसलो (इंजिनिअरची खोड!). हे जीवनसत्त्व अन्नातल्या प्रथिनांना चिकटून येतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं, आणि तेच आम्ल मी गोळ्यांनी दाबून ठेवलं होतं. बरं, सुटलं तरी एकट्यानं ते नीट रक्तात शिरत नाही. जठराच्या अस्तरातून एक खास प्रथिन येतं. ते लहान आतड्यात याचा हात धरतं आणि सुमारे वीस फुटांच्या त्या नळीच्या अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत नेतं. दार तिथेच उघडतं. जठरातून असं काहीतरी येतं हे बॉस्टनच्या डॉ. विल्यम कॅसल यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस कसं ताडलं, ते जेवताना वाचू नका. स्वतः मांस खायचं, थोड्या वेळानं पोटातून बाहेर काढायचं आणि नळीनं रुग्णाच्या पोटात सोडायचं! नुसत्या मांसानं न सुधारणारे रुग्ण त्यानं सुधारले.

रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून तूट लवकर कळत नाही. हे वाचलं आणि आईची चप्पल आठवली. २०२२ साली सांगलीला गेलो होतो, तेव्हा चालताना तिच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. आम्ही सगळे हसलो होतो. तीही हसली होती. वय झालं, दुसरं काय!

त्याच रात्री दादाला फोन केला. आईचा आकडा माझ्याहूनही खाली. तो ऐकून ती म्हणाली, "मग इतकी वर्षं जेवले ते गेलं कुठे?"

इंजेक्शनं सुरू झाली. थकवा गेला, चाल सुधारली. तळव्यांचं बधिरपण मात्र पुरतं गेलं नाही. मंडळी, तिकडे आई-वडिलांना फोन कराल तेव्हा पायांची चौकशी जरूर करा. आई आता मागे पट्टा असलेल्या चपला घालते.