रकाना क्रमांक सात

आपल्या देशात जैनांपेक्षा सरना धर्म मानणारे जास्त आहेत! २०११ च्या जनगणनेत जैन ४४ लाख ५१ हजार आणि सरना ४९ लाख ५७ हजार. मी आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. एकक चुकलं असेल म्हणून शेजारच्या रांगा तपासल्या. चुकलेलं काहीच नव्हतं. जैन धर्म शाळेच्या पुस्तकात आहे, सरकारी सुट्ट्यांच्या यादीत आहे, आमच्या सोलापुरात तर जीवराज जैन ग्रंथमालेच्या रूपानं छापखान्यातही आहे. आणि सालाच्या राईत निसर्गाला पुजणारे, झारखंड-ओडिशाकडचे हे जवळजवळ अर्धा कोटी लोक? ते ‘इतर’मध्ये!

हे सापडलं जनगणनेच्या सी-१ तक्त्याच्या परिशिष्टात. मुख्य तक्त्यात सहा धर्मांची नावं येतात, मग ‘इतर धर्म आणि पंथ’ अशी एकच ओळ आणि तिच्यापुढे ७९ लाख ३७ हजार. बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही इतकी वर्षं थांबत होते. पण या ओळीला मागचं दार आहे. ते उघडलं की आत गोंडी धर्म मानणारे दहा लाखांवर, सारी धरम मानणारे पाच लाखांवर, अरुणाचलात सूर्य-चंद्राची उपासना करणारे दोन्यी-पोलो तीन लाखांवर, मणिपुरात सनामही सव्वादोन लाखांच्या आसपास. शिवाय मेघालयातले खासी, आपल्या ओळखीचे पारशी (फक्त ५७ हजार!), आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरातले ३३ हजार लोक. एका ‘इतर’ शब्दाखाली इतकं जग आहे, हे मला कुणीच कसं सांगितलं नव्हतं?

मग मी जनगणनेचा अर्जच शोधून काढला आणि तिथे खरी गंमत कळली. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत सातवा प्रश्न धर्माचा आहे. प्रगणकाला सूचना अशी की धर्माचं नाव पूर्ण लिहा आणि खाली दिलेल्या यादीत ते असेल तर चौकटीत त्याचा क्रमांक टाका. हिंदू एक, मुस्लिम दोन, ख्रिश्चन तीन, शीख चार, बौद्ध पाच, जैन सहा. यादीत नसेल तर फक्त नाव लिहा, क्रमांक देऊ नका. म्हणजे सांगणाऱ्यावर बंधन काहीच नाही! प्रगणकांच्या पुस्तिकेत तर बजावलंय की समोरचा माणूस जो धर्म सांगेल तोच प्रामाणिकपणे नोंदवायचा, वाद घालायचा नाही. गाळणी दारात नाहीच मुळी, ती पुढे कार्यालयात आहे. कुठलं नाव कुठल्या नावात मिळवायचं, कशाला पंथ म्हणायचं, कशाची ओळ वेगळी छापायची, हे सगळं तिथे ठरतं.

आता हे सोलापुरात बसून वाचलं की अंगावर काटा येतो, कारण आमच्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे. सिद्धरामेश्वर आमचं ग्रामदैवत. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं. सिद्धराम बाराव्या शतकातले, लिंगायतांचे गुरू बसवण्णा यांच्या काळातले. आणि कर्नाटकातल्या कल्याणला जाण्याआधी बसवण्णा आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला होते. गळ्यात इष्टलिंग धारण करणारी हजारो लिंगायत कुटुंबं इथे आहेत. शेजारच्या अव्वांना मी विचारलं, “मागच्या जनगणनेला धर्म काय सांगितला होता?”

“लिंगायत म्हणून सांगितलं की,” त्या म्हणाल्या. “त्यानं काय लिहिलं ते मी कशाला बघू?”

नेमकं तेच तर बघायचंय! लिंगायतांना क्रमांक नाही. जनगणना कार्यालय त्यांना हिंदू धर्मातला पंथ मानतं. वेगळ्या क्रमांकाची मागणी अखिल भारतीय वीरशैव महासभेनं केली, ती २०१३ मध्ये नाकारली गेली. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं स्वतंत्र धर्माची शिफारस केली, ती केंद्रानं मान्य केली नाही. त्याआधी २०१७ मध्ये लातूरला आणि सांगलीला मोर्चे निघाले होते. मोर्चाच्या बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या, पण त्या मला आरक्षणाच्या वाटल्या होत्या. त्यामागे एका चौकटीतला एक आकडा आहे, हे आत्ता दिसतंय. नकाराचं एक कारण तर विचार करायला लावणारं आहे. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. उद्या लिंगायत वेगळा धर्म ठरला, तर त्यातल्या अनुसूचित जातींच्या लोकांचं काय? सातव्या प्रश्नाचं उत्तर बदललं की आठवा प्रश्न, अनुसूचित जाती-जमातीचा, लगेच हलतो.

महाराष्ट्रानं हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार! मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आहे, नागपूर आहे, बाबासाहेब आहेत. ही दोन आकड्यांमधली उडी मी कितीदा पाहिली तरी मन भरत नाही. जनगणनेच्या रुक्ष तक्त्यात एवढी मोठी घटना इतकी स्वच्छ उमटलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. आणि तरी तोही आकडा पूर्ण नाही. नवबौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० मध्ये मिळाला. तोवर सवलत हातची जाऊ नये म्हणून किती घरांनी मनात एक आणि कागदावर दुसरं ठेवलं असेल!

मागे गेले तर आणखी नवल. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या श्रद्धांना स्वतंत्र खातं होतं. १८९१ ची जनगणना पाहणाऱ्या बेन्ससाहेबांनी तिथे ‘ॲनिमिस्टिक’ हा शब्द घातला, म्हणजे झाडाडोंगरांत जीव मानणारे. हे बेन्स आधी १८८१ मध्ये आमच्याच मुंबई इलाख्याच्या जनगणनेवर होते. पुढे १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी त्याचं ‘आदिम जमातींचे धर्म’ केलं. स्वातंत्र्यानंतर ते खातं हळूहळू ‘इतर’मध्ये विरून गेलं. झारखंड विधानसभेनं ११ नोव्हेंबर २०२० ला सरना धर्माला जनगणनेत वेगळा क्रमांक मागणारा ठराव केला, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

१९११ ची गोष्ट तर मला सगळ्यात आवडली. मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्यांपुढे गुजरातेतले असे समाज आले की ज्यांचे काही विधी हिंदूंचे, काही मुसलमानांचे. त्यांनी काय करावं? ‘हिंदू-मुसलमान’ असं खातंच उघडलं! वरून जनगणना आयुक्त गेटसाहेबांनी नापसंती कळवली की यांना कुठल्या तरी एका धर्मात घालायला हवं होतं. सोलापूरही तेव्हा याच इलाख्यात होतं. दर्ग्याला नवस बोलणारी आणि सिद्धरामेश्वराला अक्षता टाकायला जाणारी माणसं इथे आजही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहतात. माझ्या मते त्या अधिकाऱ्यांनी माणसं जशी होती तशी लिहिली, आणि त्यांना बोलणी खावी लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

हे आपल्यापुरतंच असेल असं वाटलं होतं. मग इंग्लंडचे आकडे हाती आले! तिथे ख्रिस्तीपूर्व निसर्गधर्म पुन्हा मानू लागलेले ‘पेगन’ लोक आहेत आणि त्यांच्यातलाच विक्का नावाचा पंथ. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २००१ पासून धर्माचा ऐच्छिक प्रश्न आहे. ठरलेल्या चौकटी आहेत आणि शेवटी ‘अन्य कोणताही धर्म’ म्हणून लिहायला जागा. कुणी पेगन लिहायचं, कुणी विक्का, कुणी ड्रुइड, आणि मोजणीत सगळे विखुरले जायचे. म्हणून २०११ ला त्यांनी मोहीमच काढली की आधी ‘पेगन’ लिहा, मग आडवी रेघ, मग आपला पंथ. २०२१ मध्ये पेगन सुमारे ७४ हजार आणि विक्का सुमारे १३ हजार नोंदले गेले. त्याच ‘अन्य’ जागेत कोण भेटले सांगू? जैन! आपल्याकडे क्रमांक सहा असलेले जैन तिथे हातानं नाव लिहितात, २०२१ मध्ये सुमारे २५ हजार.

अमेरिकेची जनगणना तर धर्म विचारतच नाही. तिथे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी फोनवरून विचारलं, तुमचा धर्म कोणता, असलाच तर? पर्याय वाचून दाखवले नाहीत. २००१ मध्ये स्वतःला विक्कन म्हणणारे १ लाख ३४ हजार निघाले, २००८ मध्ये ३ लाख ४२ हजार. यादी न देता विचारलं म्हणूनच हे नाव लोकांच्या तोंडून आलं, असं मला वाटतं.

ती आडव्या रेघेची युक्ती मी माझ्या लिंगायत मित्राला सांगितली तर तो उसळलाच. “बे, हेच तर आमच्यात चाललंय!” त्याचे पाहुणे सीमेपलीकडे विजयपूरला. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा वीरशैव महासभेनं सांगितलं होतं की धर्माच्या प्रश्नाला ‘इतर’ निवडा आणि ‘वीरशैव-लिंगायत’ लिहा. उलट लिंगायत संघटनांपैकी काहींचा आग्रह फक्त ‘लिंगायत’ लिहिण्याचा. कार्यालयात ही दोन नावं एकत्र मोजली जाणार की वेगळी, यावर लाखोंचा आकडा फिरतो.

आणि आता देशाची जनगणना आलीच आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, माणसांची मोजणी फेब्रुवारीत, या वेळी जातही विचारणार आणि घरबसल्या स्वतः माहिती भरायची सोयही असणार. मित्राच्या घरी आत्तापासून जुंपलीय. वडील म्हणतात हिंदू लिहायचं, मुलांच्या दाखल्यावर तेच आहे. बहीण म्हणते लिंगायत. तो स्वतः आडव्या रेघेच्या बाजूचा. अव्वांना मी विचारलं तर त्यांनी चष्मा मागवला आणि म्हणाल्या, या खेपेला तो काय लिहितोय ते मी वाचणार.