साधा तीळ

माझ्या डाव्या घोट्याच्या जरा वर एक तीळ आहे. "पायावर तीळ आहे, ही पोरगी फिरणार," असं आजी म्हणायची. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, मग न्यू जर्सीला आले. घरच्यांनी सगळं श्रेय त्या तिळाला दिलं.

मागच्या वर्षी त्याची एक कड पसरल्यासारखी वाटली. जुने फोटो झूम करकरून बघितले. रात्री दोन वाजता गूगल केलं आणि अर्थातच मेलानोमापर्यंत पोचले. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, साधा तीळ आहे."

'साधं' या शब्दाची मला भीती वाटते. बाबांचं तोंड आलं होतं तेव्हाही आम्ही चार महिने 'साधं आहे' म्हणत होतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, जाईचा पाला, तूप. तपासणी झाली तोवर उशीर झाला होता.

इथल्या डॉक्टरबाईंनी आधी हातातल्या डर्मोस्कोपने तीळ बघितला. तेवढ्याने त्यांची खात्री पटेना. "कापून तुकडा तपासता येईल, पण त्याआधी कन्फोकल मायक्रोस्कोपने बघू," त्या म्हणाल्या.

कन्फोकलची कल्पना मार्विन मिन्स्कीची, पेटंटचा अर्ज 1957चा. मला हा माणूस फक्त एआयमुळे माहीत होता. कल्पना सोपी आहे: परत येणारा प्रकाश एका बारीक छिद्रातून जाऊ द्यायचा. फोकसमधल्या बिंदूचा प्रकाश आत येतो, वरच्या-खालच्या थरांचा बाहेरच अडतो. त्यामुळे त्वचा न कापता तिचा एकेक थर दिसतो. 1995 साली मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये जिवंत माणसाच्या त्वचेत या तंत्राने बघितलं आणि त्यांना दिसलं, की मेलॅनिन प्रकाश जोरात परतवतं. म्हणजे आपण ज्याला काळं म्हणतो, ते या स्क्रीनवर सगळ्यात पांढरं!

पायावर जेल लावलं, यंत्राचं तोंड टेकवलं. दुखलं अजिबात नाही, फक्त हलायचं नव्हतं. अर्ध्या मिलिमीटरचे चौकोन एकाला एक जोडत नकाशा तयार होत गेला. माझ्यातली इंजिनिअर तेवढ्यातही जोड कुठे चुकतोय का ते बघत होती.

मग एका जागी थांबून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळ्या गोल खिडक्या आणि प्रत्येकीभोवती पांढरी कडी, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या बऱ्यापैकी सारख्या अंतरावर. एका खिडकीत काहीतरी सरकत होतं. "रक्त," त्या म्हणाल्या. माझंच, त्या क्षणी वाहणारं. बाबांच्या रिपोर्टमध्ये मी फक्त काढून घेतलेल्या तुकड्याबद्दल वाचलं होतं.

"कड्या नीट आहेत. वरच्या थरात भरकटलेल्या मोठ्या चमकदार पेशी नाहीत. साधा तीळ आहे."

तोच शब्द. पण या वेळी त्याच्याआधी कुणीतरी बघितलं होतं. यंत्रालाही मर्यादा आहेत: जेमतेम पाव मिलिमीटर खोल दिसतं, वाचणारा डोळा तयार लागतो आणि शंका उरली तर कापावंच लागतं. मला सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

संध्याकाळी आईला सांगितलं. "मी काय म्हणत होते?"

"बरोबर होतीस. तुझ्या पाठीवरचा तीळ शेवटचा कधी बघितलास?"

"पाठीवरचा मला कसा दिसणार?"

"मावशीला फोटो काढायला सांग. आत्ता."

दहा मिनिटांनी फोटो आला. हललेला. मी परत काढायला लावला.